फॉरमॅट मारण्याआधी

आयकॉनवर दोनदा टिचकी मारली, निळं वर्तुळ क्षणभर फिरलं, विरून गेलं. पुढे काहीच नाही. खिडकी उघडली नाही आणि चूक सांगणारी पाटीही आली नाही. कॉम्प्युटर चालू आहे, नेट चालू आहे, बाकीचे सगळे प्रोग्राम चालतात. नेमका हवा तोच उघडत नाही. अशा वेळी बीदरपासून पुण्यापर्यंत कुठल्याही दुकानात जा, पहिला सल्ला ठरलेला: फॉरमॅट मारा.

हा सल्ला बरोबर की चूक, यावर हळ्ळीखेड (बी) इथे दोघांचं वाजलं. कर्नाटकातल्या हुमनाबाद तालुक्यातलं, सहकारी साखर कारखान्याचं हे गाव. सरकारी कागद कन्नडमध्ये, बाजारातलं बोलणं कन्नड, मराठी, दखनी असं मिसळून, आणि लग्नपत्रिका ज्याच्या त्याच्या भाषेत. त्यामुळे पत्रिका करणाऱ्याच्या एकाच कॉम्प्युटरवर मराठीसाठी श्रीलिपी, कन्नडसाठी नुडी आणि उर्दूसाठी इनपेज असे तीन संसार सुखानं नांदत असतात. वाद घालणारे दोघे म्हणजे असं दुकान चालवणारे मामा आणि हैदराबादेत एका कंपनीच्या कॉम्प्युटर-तक्रारींच्या विभागात काम करणारी त्यांची भाची. नावांची गरज नाही. असे मामा आणि अशा भाच्या सीमाभागातल्या कुठल्याही बाजारपेठेत भेटतील.

पत्रिकेचा जुना प्रोग्राम सकाळपासून उघडत नव्हता.

मामा: काय बगलालीस एवढं? मी फॉरमॅट मारला असता तर एव्हाना विंडोज अर्धं चढलं असतं.

भाची: आणि प्रोग्राम का उघडत नव्हता, ते कायमचं पुसलं गेलं असतं. पुढच्या महिन्यात पुन्हा असंच झालं तर?

मामा: तर पुन्हा फॉरमॅट. पोरी, मुलीकडची माणसं दुपारी पत्रिका न्यायला यायचीत. त्यांना कारण नको, पत्रिका पाहिजे.

भाची: फॉरमॅटनंतर दुपारपर्यंत पत्रिका देता का तुम्ही? विंडोज चढेल, मग ड्रायव्हर, मग तिन्ही प्रोग्राम, फाँट, परवान्याच्या त्या डोंगलचा ड्रायव्हर, प्रिंटर…

मामा: ते सगळं रात्री बसून करतो मी. पत्रिका तोवर शेजारच्या दुकानातून काढून आणतो.

भाची: मग मला दहा मिनिटं द्या. नाही सापडलं तर तुम्हीच मारा फॉरमॅट, मी डोंगल शोधून देते.

तिनं आधी टास्क मॅनेजर उघडून पाहिला. पुष्कळदा प्रोग्राम उघडलेलाच असतो, फक्त पडद्याआड अडकून बसलेला असतो, आणि आपण टिचक्या मारून त्याच्या आणखी प्रती उभ्या करत राहतो. इथे तसं नव्हतं. प्रोग्रामचं नाव यादीत यायचं आणि लगेच नाहीसं व्हायचं. म्हणजे तो सुरू होत होता आणि सुरू होता होताच पडत होता. मग तिनं स्टार्टमध्ये ‘रिलायबिलिटी’ एवढंच टाइप केलं. विंडोज व्हिस्टापासून प्रत्येक विंडोजमध्ये ही सोय आहे आणि ती फारच थोड्यांना माहीत आहे, याचं मला मनापासून वाईट वाटतं. उघडते ती एक तारीखवार पट्टी. कुठल्या दिवशी कुठला प्रोग्राम पडला तिथे लाल फुली, आणि त्याच दिवसाखाली त्या दिवशी काय नवं बसवलं त्याची नोंद. पत्रिकेच्या प्रोग्रामची पहिली लाल फुली त्याच दिवसाची, गुरुवारची होती. त्याआधी एकही नाही. बुधवारच्या खान्यात निळी खूण होती: नवा प्रिंटर ड्रायव्हर बसला.

मामा: बुधवारी नवा प्रिंटर आणला की. पण प्रिंटर तर झकास चालतोय! आधार कार्डं त्याच्यावरच काढलालाव.

भाची: प्रिंटर चालतो, पण हा जुना प्रोग्राम उघडताना आधी विचारतो, कागद केवढा, समास किती. ते तो डीफॉल्ट प्रिंटरला विचारतो. काल-परवापर्यंत तो जुना प्रिंटर होता. आता विंडोजनं आपल्या मनानं शेवटी वापरलेला प्रिंटर डीफॉल्ट केलाय. ही ओळ वाचा.

इव्हेंट व्ह्यूअर, त्यात विंडोज लॉग्ज, त्यात ॲप्लिकेशन. लाल खुणेच्या नोंदीत इंग्रजीत चार-पाच ओळी असतात आणि त्यातल्या दोनच कामाच्या. पहिली, पडलेल्या प्रोग्रामचं नाव. दुसरी ‘फॉल्टिंग मॉड्यूल’, म्हणजे पडताना नेमकं कोणाचं काम चालू होतं त्याचं नाव. पहिल्या ओळीत पत्रिकेचा प्रोग्राम होता. दुसऱ्या ओळीत त्याची स्वतःची कुठलीही फाइल नव्हती, नव्या प्रिंटरच्या ड्रायव्हरची होती. भाचीनं प्रिंटरच्या सेटिंगमधला ‘विंडोजला डीफॉल्ट प्रिंटर ठरवू द्या’ हा पर्याय बंद केला, डीफॉल्ट म्हणून ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ निवडलं आणि आयकॉनवर टिचकी मारली. प्रोग्राम उघडला.

इथं गोष्ट संपली असती तर हा लेख लिहिण्याची गरज नव्हती. मामा एका प्रिंटरनं हरणारे नव्हते, आणि त्यांची बाजू कच्चीही नव्हती.

मामा: सापडलं, मान्य. पण हे नशीब. मागच्या पावसाळ्यात एकाचा कॉम्प्युटर आला, बिलाचा प्रोग्राम उघडत नव्हता. मी तुझ्यासारखाच बगत बसलो. हे बगितलं, ते बगितलं, दिवस गेला. शेवटी कानाला लागलं, हार्ड डिस्क कट्-कट् वाजत होती. तुझ्या त्या पट्टीत आवाज येतो का?

भाची: आवाज नाही येत. पण इव्हेंट व्ह्यूअरच्या ‘सिस्टिम’ विभागात ‘डिस्क’ नावानं बॅड ब्लॉकच्या नोंदी येतात. अशा डिस्कवर फॉरमॅट मारला तरी तो टिकला नसता, मामा. आधी तिच्यावरून माल काढायचा, मग नवी डिस्क.

मामा: तेच केलं मी. पण ते कानानं कळलं, इंग्रजी वाचून नाही. रॅम काढायची, सोनेरी दातऱ्यांवर खोडरबर फिरवायचं, परत बसवायची, अर्ध्या तक्रारी तिथंच मिटतात. व्होल्टेज वर-खाली झालं, लाइट गेली, यूपीएस नाही, म्हणजे चालू प्रोग्रामची फाइल अर्धवट लिहिली जाणार. हे सगळं मला दारातून आत येणाऱ्या गिऱ्हाइकाच्या तोंडावरून कळतं.

भाची: हे ज्ञान मी नाकारतच नाही. मी एवढंच म्हणते, तुम्ही कान लावला, म्हणजे तपासच केलात. फॉरमॅट म्हणजे कान न लावणं.

मामा: आणि तुमच्या कंपनीत? खरं सांग. तिथं एखाद्याचा लॅपटॉप बिघडला तर तू असं बसून वाचतेस, का नवं इमेज टाकून मोकळी होतेस?

या प्रश्नावर भाची गप्प झाली, आणि ते बरोबरच होतं. मोठ्या कंपन्यांत बिघडलेल्या कॉम्प्युटरवर तयार इमेज, म्हणजे सगळं आधीच बसवलेली विंडोजची प्रत, पुन्हा चढवणं ही रोजची पद्धत आहे. मामांच्या फॉरमॅटचंच ते सुटाबुटातलं नाव.

भाची: टाकतो आम्ही इमेज. खोटं कशाला बोलू? पण तिथं माणसाच्या फाइली सर्व्हरवर असतात, सगळे प्रोग्राम इमेजमध्येच बसवलेले असतात, परवाने कंपनीच्या खात्यावर असतात. पुसलं तरी तासाभरात सगळं जागच्या जागी. आणि जिथं एकाच कारणानं हजार मशिनं पडतात तिथं इमेजही कामाला येत नाही. १९ जुलै २०२४ आठवतं? क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचं सदोष अपडेट जगभर गेलं, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानं ८५ लाख विंडोज मशिनं निळ्या पडद्यावर अडकली. आपल्याकडं विमानतळांवर बोर्डिंग पास हातानं लिहून दिले. उपाय काय निघाला? सेफ मोडमध्ये जायचं आणि ‘सी’ आणि २९१ या आकड्यानं ओळखू येणारी एक फाइल पुसायची. एक फाइल, मामा! ती कुठली हे कोणीतरी वाचलं म्हणून कळलं.

मामा: तिथं वाचायला शंभर इंजिनिअर होते. इथं मी आहे आणि आठवी शिकलेलं एक पोरगं आहे. ते पोरगं काय करतं सांगू? पाटी येते, अमुक डीएलएल मिळत नाही. ते गूगलवरून ती फाइल उतरवून घेतं आणि सिस्टिम-३२ मध्ये टाकतं. कधी चालतं, कधी कॉम्प्युटरच बसतो. त्यापेक्षा फॉरमॅट सुरक्षित.

मामांचा हा मुद्दा मला सगळ्यात वजनदार वाटतो. अर्धवट तपास हा फॉरमॅटपेक्षा घातक ठरू शकतो. कोणत्याही अनोळखी साइटवरची सुटी डीएलएल फाइल म्हणजे चोराच्या हाती किल्ली. शिवाय ६४-बिट विंडोजमध्ये एक उलटापालट आहे: सिस्टिम-३२ या फोल्डरात ६४-बिटच्या फाइली असतात, आणि ३२-बिटच्या फाइली सिस-वाव-६४ नावाच्या फोल्डरात. नावावर भरवसा ठेवून पोरगं ३२-बिटची फाइल सिस्टिम-३२ मध्ये टाकतं, आणि मग ‘७बी’नं संपणारा एरर-कोडचा आकडा समोर येतो. त्याचा अर्थ बहुधा हाच, की ३२ आणि ६४ची सरमिसळ झाली आहे.

भाची: म्हणून त्याला सुटी फाइल आणू द्यायची नाही. पाटीवर ‘व्हीसी-रनटाइम’ किंवा ‘एमएस-व्हीसीपी’ दिसलं, की मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून व्हिज्युअल सी प्लस प्लसचं रिडिस्ट्रिब्युटेबल घ्यायचं आणि ३२चं, ६४चं दोन्ही बसवायचं. जुना प्रोग्राम डॉट-नेट ३.५ मागत असेल, तर ते विंडोजमध्येच असतं, ‘विंडोज फीचर्स’मध्ये जाऊन खूण करायची. आकड्याच्या शेवटी १३५ असेल तर फाइल सापडत नाही, ७बी असेल तर सरमिसळ, नुसता ५ असेल तर प्रोग्रामनं नको त्या जागी हात घातला. हे तीन आकडे भिंतीवर लिहून ठेवा. आठवीच्या पोराला कळतील.

मामा: आणि ज्यात पाटीच येत नाही ते?

भाची: त्यातलं एक तुमच्याच टेबलावर पडलंय.

टेबलावरचा लॅपटॉप गावातल्याच एका बाईंचा. मुलानं शहरातून पाठवलेला. त्यावर हिशेबाचा एक जुना प्रोग्राम बसवला होता, तो उघडतच नव्हता आणि काही सांगतही नव्हता. मुलानं लॅपटॉपवर आईचं खातं काढलं होतं आणि मोठ्या मायेनं नाव दिलं होतं, ‘आई’. देवनागरीत. विंडोजनं त्याच नावाचा फोल्डर केला. आता हा प्रोग्राम युनिकोड येण्याआधीच्या पद्धतीनं लिहिलेला. त्याला देवनागरी अक्षरं वाचताच येत नाहीत, त्यांच्या जागी त्याला प्रश्नचिन्हं दिसतात, आणि विंडोजमध्ये फोल्डरच्या नावात प्रश्नचिन्ह चालतच नाही. त्यामुळे आपल्या तात्पुरत्या फाइली ठेवायला त्याला जागाच सापडत नाही, आणि तो मुकाट्यानं बंद होतो.

मामा: मग खात्याचं नाव बदल की इंग्रजीत.

भाची: वरचं नाव बदललं तरी आतल्या फोल्डरचं नाव तेच राहतं. रोमन अक्षरांत दुसरं खातं काढायचं आणि हिशेबाचं काम तिथून करायचं. पण मामा, मला खरंच संताप येतो. त्या बाईंनी काय चूक केली? देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे, विंडोजमध्ये २००० सालापासून. तरी आज एका मराठी बाईच्या खात्याला मराठी नाव दिलं म्हणून प्रोग्राम उघडत नाही, आणि आपण तिला सांगणार, तुमचा लॅपटॉप खराब आहे, फॉरमॅट मारावा लागेल.

मामा: फॉरमॅट मारला असता तर मीच खातं काढलं असतं, रोमनमध्ये. चाललं असतं.

भाची: चाललं असतं, का ते कळलं नसतं.

मामा: चालणं महत्त्वाचं.

दोघांमधलं अंतर या दोन वाक्यांत सगळं येतं, आणि ते बुजवण्याची घाई मला नाही. दुपारी पत्रिका द्यायची असते त्याला ‘चालणं’ महत्त्वाचं असणारच. पण यानंतर भाचीनं जो मुद्दा काढला, तो मला बाकी सगळ्यांपेक्षा जिव्हाळ्याचा वाटतो.

भाची: तुमच्या डी ड्राइव्हमध्ये काय काय आहे?

मामा: सगळं. वीस-बावीस वर्षांच्या पत्रिका, भजनी मंडळाच्या सप्ताहाची पत्रकं, शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या पुस्तिका, पुण्यतिथ्या, जयंत्या. फॉरमॅट मारताना डीला हात लावत नाही मी, सीच पुसतो.

भाची: आणि त्या फाइली उघडणारा प्रोग्राम कुठं आहे?

मामा: …सीवर.

भाची: फाँट?

मामा: सीवरच.

त्या डी ड्राइव्हचं मोल कळायला थोडं मागं जावं लागतं. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं नव्यानं आखली गेली. जुन्या बीदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले, हुमनाबाद आणि भालकी म्हैसूरकडे आले. सोयरिकी मात्र रेषेवरून येत-जात राहिल्या. इकडच्या मराठीला कचेरीत जागा उरली नाही. ती उरली घरात, देवळात आणि छापील पत्रकांत. त्या पत्रकांची मूळ प्रत कुठल्या ग्रंथालयात नाही, ती अशा दुकानांच्या डी ड्राइव्हवर आहे. आणि ती लिहिली आहे जुन्या फाँटांत, जिथे प्रत्येक मराठी आकार इंग्रजी अक्षराच्या किंवा चिन्हाच्या जागी बसवलेला असतो. तो फाँट गेला की फाइल शाबूत असूनही उघडल्यावर दिसते नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. पानं जुळवायचा पेजमेकर ७ आला २००१ साली. त्यानंतर त्याची नवी मोठी आवृत्ती निघाली नाही. तसल्या प्रोग्रामांवर आणि त्यांच्या डोंगलांवर एका गावाची वीस वर्षांची मराठी टांगलेली आहे. प्रोग्राम न उघडण्याकडे मी म्हणूनच निव्वळ तांत्रिक अडचण म्हणून पाहू शकत नाही.

मामा: मग काय म्हणणं आहे तुझं, फॉरमॅट कधीच मारू नको?

भाची: मारा की. पण ज्या दिवशी मारायचा त्या दिवशी बिनधास्त मारता आला पाहिजे. फाँटचं फोल्डर आजच बाहेर उतरवा. प्रोग्रामच्या सीड्यांची इमेज करून ठेवा. जुन्या फाइली उघडतायत तोवर एकेकीची पीडीएफ काढा, आणि महत्त्वाचा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या. आणि तो कोपऱ्यातला विंडोज ७ वाला कॉम्प्युटर विकू नका.

मामा: त्याच्यावर तर आता क्रोमसुद्धा नवं चढत नाही.

भाची: १०९व्या आवृत्तीवर थांबलं ते, २०२३ मध्ये. विंडोज ७ ला सुरक्षेची अपडेटं बंद झाली १४ जानेवारी २०२० ला, आणि विंडोज १० ची मुदतही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. म्हणूनच त्या जुन्याची नेटची वायर काढा. नेट नाही, बाहेरचा पेनड्राइव्ह नाही. तो फक्त जुन्या फाइली उघडायला.

मामा: आणि अँटिव्हायरस? तो कधी कधी प्रोग्रामच गिळतो.

भाची: त्याच्या क्वारंटाइनच्या यादीत बघायचं, तिथं सापडेल. पण प्रोग्राम क्रॅकचा असेल तर तो गिळणारच, आणि त्याचं बरोबरच आहे. कन्नडचं नुडी फुकट मिळतं, मांडणीसाठी इंकस्केप, स्क्रायबस फुकट आहेत. नव्या पत्रिका हळूहळू तिकडं न्या.

मामा: क्विक हील आपल्या मराठी माणसाचं आहे, ठाऊक आहे ना? पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे कैलाश काटकर. भावानं अँटिव्हायरस लिहिला.

भाची: ठाऊक आहे. आणि कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारा माणूस तो आधी उघडून बघतो.

मामा हसले, पण शेवटचा प्रश्न त्यांनी राखून ठेवला होता.

मामा: हे सगळं खरं, पोरी. पण एक सांग. फॉरमॅटला गिऱ्हाईक न कुरकुरता पैसे देतं. त्याला दिसतं, काहीतरी केलं. तू दहा मिनिटांत प्रिंटर बदललास. याचे मी किती मागू? ‘नुसतं बगायचे कसले पैसे’ म्हणून तोंडावर बोलतात. कारण शोधायचं असेल तर त्याचा भाव कोण देणार?

याचं उत्तर भाचीकडे तयार नव्हतं, माझ्याकडेही नाही. नाडी बघून ‘काही नाही, पाणी पी’ म्हणणाऱ्या डॉक्टरला आपण फी देतो. बघणाऱ्या मेकॅनिकला मात्र आपण फक्त सुटे भाग बदलण्याचे पैसे देतो, आणि मग तो भाग बदलतच राहतो. फॉरमॅटची सवय दुकानदारानं लावली असं आपण म्हणतो. ती अर्धी गिऱ्हाइकानं लावली आहे.

भाची: पावतीवर लिहून द्या. काय बिघडलं होतं, कशामुळं, काय केलं. तीन ओळी, मराठीत. कागद हातात पडला की माणूस पैसे देतो.

मामा: पावतीवर प्रिंटर ड्रायव्हर लिहू?

भाची: लिहा. पुढच्या वेळी तो दुसऱ्या दुकानात गेला तरी तो कागद घेऊन जाईल.

मामा: दुसऱ्या दुकानात कशाला जाईल! बरं, दहा मिनिटं. घड्याळ लावून. त्यात सापडलं नाही तर फॉरमॅट, आणि मग तू मधे बोलायचं नाही.

भाची: त्या दहा मिनिटांत पहिल्यांदा फाँटच्या फोल्डरची कॉपी, मग बाकीचं.

मामा: ती आत्ताच कर. पेनड्राइव्ह गल्ल्यात आहे.